एक खोखा कमी

मंगळवार, संक्रांत होऊन आठवडा झालेला. जागा: दिंद्रुडच्या पुढचं, डोंगराच्या पायथ्याचं पडीक रान. हजर: कॉलेजच्या छात्र पथकातल्या सोळा मुली, पथक सांभाळणाऱ्या आमच्या मॅडम, नेमबाजी शिकवायला बाहेरून आलेले उस्ताद, सामान उचलायला मुलांच्या पथकातले आठजण, पाण्याचा ड्रम घेऊन आलेला ट्रॅक्टर आणि त्याचा ड्रायव्हर. गैरहजर: कोणी नाही.

ही नोंद माझ्या हातची आहे. वही अजून माझ्याजवळ आहे. पाठकोऱ्या कागदांची, आप्पांनी सुतळीनं शिवून दिलेली. त्या दिवसाचं पान मी आयुष्यात चार-पाच वेळाच उघडलं आहे, आणि हे प्रकरण लिहायचं म्हणून आज सकाळी पुन्हा उघडलं. बाकीच्या आठवणी मी क्रमानं लिहीत आले. ही मात्र प्रत्येक वेळी बाजूला ठेवली आणि पुढचं लिहायला घेतलं. आता पुढचं काही उरलेलं नाही.

आमचं घर माजलगावच्या मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागच्या गल्लीत होतं. वडील मापाडी. आम्ही त्यांना आप्पा म्हणत असू. सकाळी नवापासून दिवेलागणीपर्यंत भिंतीपलीकडून त्यांचा आवाज यायचा: लाभ... लाभ... दोन... दोन... तीन... धान्य मोजताना पहिल्याला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. हे जगभर असंच असतं असं मला पुष्कळ वर्षं वाटत होतं. पहिलीच्या वर्गात बाईंनी मणी मोजायला सांगितले तेव्हा मी लाभ म्हणून सुरुवात केली आणि अख्खा वर्ग हसला. घरात माय भाकरीसुद्धा तशीच मोजायची. टोपल्यात पहिली पडली की लाभ. आमच्या घरी वस्तू अशा फार नव्हत्या, पण बारदान हवं तेवढं. उंबऱ्याशी पाय पुसायला बारदान, न्हाणीला पडदा बारदानाचा, उन्हाळ्यात रांजणाभोवती ओलं बारदान. घरभर तुरीचा, ज्वारीचा धुरळा. पाहुणा आला की आधी दोन शिंका द्यायचा आणि मग रामराम करायचा. या घरात मी यादी करायला शिकले. मायला लिहिता येत नव्हतं, म्हणून दुकानातून काय आणायचं, कुणाचं पातेलं परत द्यायचं, गिरणीत काय टाकलंय, हे सगळं माझ्या वहीत असायचं. काम झालं की पुढे बरोबरची खूण. ती खूण करताना मला जे बरं वाटायचं ते मला कशातच वाटलं नाही. आजही ऑफिसच्या भांडारात माझ्या हाताखालची माणसं म्हणतात, बाईंची खूण झाली म्हणजे झालंच. हे ऐकलं की माझी मान खाली जाते. का, ते त्यांना माहीत नाही.

मंगल परळीची. वडील वीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाला होते. कॉलेजच्या वसतिगृहात तिची खोली माझ्या मैत्रिणीच्या खोलीला लागून, त्यामुळे ओळख झाली, आणि मग मायच्या हातचे धपाटे मी डब्यातून दोघींपुरते नेऊ लागले. लसणाची चटणी लावून धपाटं गुंडाळायचं आणि उभ्यानंच खायचं, ही तिची पद्धत. "आमच्या गावाला वाळवणं घालायची सोय न्हाई गं," ती म्हणायची, "पापड घातले की वरून राख. मीठ कमी पडलं तरी कळत न्हाई." ती डावरी होती. जेवणं आणि लिहिणं तिच्या मायनं हातावर पट्ट्या मारून उजव्यावर आणलं होतं. बाकी सगळं डाव्यानं. बंदूक तर डाव्यानंच.

उस्तादांनी पहिल्यांदा तिला झोपून नेम धरताना पाहिलं तेव्हा ते ओरडले, "अरे, उलटे हाथ से क्या झाडू लगा रही है?" तिनं पाच गोळ्या झाडल्या. निशाण आणून पाहिलं तर पाचही भोकं माझ्या तळहाताखाली झाकली गेली. उस्तादांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "ठीक है. तू उलटेच हाथ से खा, उलटेच हाथ से मार." मोठ्या शिबिराला आमच्या पथकातून एकच मुलगी जाणार होती, आणि ती कोण हे त्या दिवशी ठरल्यासारखं झालं. मंगलला ते शिबिर हवं होतं ते हौसेसाठी नव्हे. तिला पोलिसात जायचं होतं. शिबिराचं प्रमाणपत्र असलं की भरतीत वरचे गुण मिळत, आणि उंचीत ती काठावर होती. तिनं हिशेब करून ठेवला होता. तिच्या बापानं वसतिगृहात येऊन मला सांगितलं होतं, "पोरी, हिचा कागूद नीट होऊ दे. तू लिहून ठिवती म्हनं सगळं."

आता त्या बंदुकीविषयी सांगते, कारण सगळं तिच्यापाशीच घडलं. आधी आम्ही शिकलो ती साधी बंदूक. दर गोळीला हातानं खटका ओढून रिकामी पुंगळी काढायची. ही नवी रायफल स्वतःच ते काम करायची. घोडा दाबला की गोळी जाते, त्याच दणक्यात रिकामी पितळी पुंगळी उजव्या बाजूनं बाहेर फेकली जाते आणि दुसरी गोळी आपोआप जागेवर येते. पुंगळी चांगली बोटभर लांब, आणि नुकती बाहेर आलेली असली तर तव्यावरून उचलल्यासारखी गरम. फौजेच्या बोलीत तिला खोखा म्हणतात. नियम एकच: जेवढ्या गोळ्या दिल्या तेवढे खोखे परत. एक कमी भरला तर कुणी घरी जाणार नाही. पहिल्या दिवशी उस्ताद म्हणाले, "खोखा लाओ," आणि आमच्यातल्या दोघी पळत जाऊन बिस्किटांचा रिकामा खोका घेऊन आल्या. उस्तादांनी त्या खोक्यात डोकावून पाहिलं आणि विचारलं, "इसमें से चलेगी क्या राइफल?" पुढे महिनाभर आम्ही एकमेकींना हेच विचारत होतो.

खोखे वेचणं हे तिथलं खरं कष्टाचं काम. ते चार-चार हात लांब उडत. आणि खाली आमची काळी जमीन. पाऊस संपून महिने झाले की तिला भेगा पडतात. हात कोपरापर्यंत आत जाईल अशा. खोखा भेगेत गेला की संपलं. उस्तादांची जुनी रीत म्हणजे नेमबाजाच्या उजव्या अंगाला एकीनं टोपी धरून बसायचं आणि उडता खोखा झेलायचा. दोघींच्या बोटांना फोड आले. तेव्हा मी पुढे झाले. आप्पांकडून चार बारदानं मागून आणली. दोन काठ्या रोवून त्यांच्यामध्ये एक बारदान ताणून बांधलं, एक त्याच्या पायाशी अंथरलं, आणि वरचं पाण्यानं चिंब केलं. खोखा ओल्या बारदानाला लागला की जीव गेल्यासारखा खाली पडायचा. असे दोन आडोसे केले, कारण रायफली दोनच होत्या आणि एका वेळी दोघींची जोडी पाच-पाच गोळ्या झाडायची. उस्तादांनी स्वतः पाच गोळ्या झाडून पाहिल्या. पाचही खोखे खालच्या बारदानावर. "ये किसका दिमाग है?" त्यांनी विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडे बोट केलं. "बोरीवाली," ते म्हणाले, आणि तेच माझं नाव पडलं. मला ते आवडलं होतं, हे कबूल करते. मी वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं: बारदान, रायफलीपासून दीड हात. दर तासाला भिजवणे. प्रत्येक जोडीनंतर मोजणे.

त्या मंगळवारी सकाळी सकाळी पोहे झाले. भांडी घासताना मंगल म्हणाली, "एक खोखा मला पायजे राव. तोंडाशी धरून फुकलं की लई भारी शिट्टी वाजती." सगळ्या हसल्या. पलीकडे हात धुणाऱ्या मॅडमही हसल्या. हे बोलणं मी इथे मुद्दाम लिहिते आहे.

ट्रॅक्टर लांब, बाभळीखाली उभा होता. तिथून बादली भरून आणायची म्हणजे ढेकळांतून दोनदा जायचं आणि दोनदा यायचं. नऊ वाजता भिजवलं, खूण केली. दहाला भिजवलं, खूण केली. अकरा वाजता ऊन चढलं होतं, पाचवी जोडी गोळ्या झाडत होती आणि मी नावं मांडण्यात गुंतले होते. मी लांबूनच बारदानाकडे पाहिलं. ते मला ओलं वाटलं. खरं लिहायचं तर मला वाटलं नाही, मी तसं ठरवलं. आणि अकराच्या ओळीपुढे खूण केली.

सहाव्या जोडीत मंगल. ती उजव्या टोकाच्या रायफलीवर आली, पालथी झोपली आणि डाव्या खांद्याला दस्ता लावला. तसं केलं की डोकं रायफलीच्या उजव्या बाजूला येतं, म्हणजे बारदानाच्या बाजूला. ती मान वळवून मला म्हणाली, "वंदे, हे तुझं बारदान जरा सरकव की पल्याड. पार तोंडापाशी आलंय."

"सगळ्यांना दीड हातच ठेवलंय."

"सगळ्या उजव्या हायत गं."

"झोप गुमान. माझी ओळ मोडते."

"बोरीवालीची ओळ!" ती हसली आणि नेम धरला.

मी तिच्यापासून तीन हातांवर बसले होते. पहिला खोखा बारदानाला लागून खाली पडला. दुसराही. तिसरा लागला तेव्हा वेगळा आवाज झाला, सुपावर खडा आपटावा तसा. उन्हानं बारदान कडक झालं होतं. खोखा उसळून मागे आला आणि तिच्या मानेपाशी, कॉलरच्या आत गेला. हे मी पाहिलं. माझ्या या दोन डोळ्यांनी पाहिलं. तिचं सगळं अंग ताठ झालं. पण हुकूम होईपर्यंत जागा सोडायची नसते, आणि तिनं ती सोडली नाही. ओठ दाबून उरलेल्या दोन गोळ्या झाडल्या. त्याही निशाणावर लागल्या, हे नंतर कळलं.

उठल्यावर ती माझ्याजवळ आली. डोळ्यांत पाणी होतं. "वंदे, खोखा आंगात गेलाय. लई भाजतंय. पट्ट्यापर्यंत खाली उतरलाय." शर्ट खोचलेला, वर पट्टा आवळलेला, काढायचा तर शर्ट सोडायला हवा होता, आणि समोर मुलांचं पथक बसलेलं. तेवढ्यात उस्तादांनी तिला हाक मारली. सकाळपासूनच्या सगळ्या निशाणांची भोकं कागदानं चिकटवायची पाळी तिची होती. "मी ते करून तंबूत जाऊन काढते," ती घाईनं म्हणाली. "तू उस्तादला सांग, एक माज्यापाशी हाय म्हनून."

"सांगते," मी म्हणाले.

आणि सवयीप्रमाणे वहीत लिहिलं: एक मंगलपाशी. उस्तादांना सांगणे.

ती निशाणांकडे पळाली. मी उस्तादांकडे निघाले, दोन पावलं गेले, आणि मनात आलं: खोखा आत कसा गेला, असं ते विचारतील. मग बारदानाला हात लावतील. मग वही मागतील. आधी बारदान भिजवावं, मग सांगावं. एवढंच. मी बादली घेऊन बाभळीकडे धावले. आले आणि दोन्ही बारदानांवर पाणी ओतलं. तोवर उस्तादांनी स्वतःच मोजणी केली होती. त्यांच्या पुढ्यात नऊ खोखे रांगेनं उभे होते.

"बोरीवाली, गिन."

मी मोजलं. तोंडातून आप्पांचाच सूर आला. लाभ, दोन, तीन, आणि नऊला थांबले. त्याच क्षणी सांगायचं होतं. उस्तादांच्या कपाळावरची शीर मला दिसत होती. मी म्हणाले, "एक कमी आहे."

उस्तादांनी पुढच्या जोडीला थांबवलं. मंगल सोडून सगळ्या मुली, आठ मुलं, ट्रॅक्टरचा ड्रायव्हरसुद्धा गुडघ्यांवर बसून भेगांमध्ये काड्या घालू लागले. मीही घातल्या. खोखा तिथे नाही हे माहीत असताना मी अर्धा तास भेगा तपासत होते. त्या अर्ध्या तासाइतकं लाजिरवाणं मी दुसरं काही केलेलं नाही, असं म्हणणार होते. पण पुढचं त्याहून वाईट आहे.

मंगल निशाणांकडून परतली ती सरळ तंबूत गेली. तिला वाटत होतं, मी सांगितलेलं आहे; वाकलेली माणसं पाहून नेहमीची वेचणी चालली आहे असंच तिनं धरलं असणार. ती हातात खोखा घेऊन बाहेर आली तेव्हा तंबूच्या तोंडाशी मॅडम उभ्या होत्या.

"कुठं होता हा?"

"आंगात गेलता मॅडम. बारदानावरून उडाला. म्या सांगितलंय की."

"कोणाला?"

"वंदनाला."

उस्ताद चालत बारदानाजवळ गेले. त्यांनी ते मुठीत धरून पिळलं. पाणी गळून त्यांच्या बुटावर पडलं. "ये तो गीला है," ते म्हणाले. "गीले से खोखा नहीं उछलता."

मंगलनं बारदानाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. ती हुशार होती. काय झालं ते तिला तेवढ्यात कळलं असणार. कॉलर बाजूला करून तिनं मॅडमना मान दाखवली. बोटभर लाल डाग उठला होता. मॅडम म्हणाल्या, "गरम गरम लपवलास तर भाजणारच. सकाळीच शिट्टी पाहिजे म्हणत होतीस ना?" आणि मग मला विचारलं, "वंदना, तू शेजारी बसली होतीस. खोखा आत जाताना पाहिलास? ही काही बोलली तुला?"

वही माझ्या हातात उघडी होती. मी तळहात पानावर ठेवला.

"नाही मॅडम. मी यादी बघत होते."

मंगल शिवी देईल असं वाटलं होतं. तिला परळीच्या शिव्या येत होत्या. तिनं खोखा उस्तादांच्या रांगेत दहावा म्हणून उभा केला, डाव्या हातानं, आणि पट्टा सोडून घडी घालू लागली.

संध्याकाळी तिला माजलगावच्या गाडीत बसवून दिलं. पथकातून नाव कमी झालं. मोठ्या शिबिराला दुसरी मुलगी गेली, तिचं नाव मी लिहीत नाही, तिचा यात दोष नाही. मंगलनं भरतीला फॉर्म भरला होता, ती दोन गुणांनी राहिली हे मला वसतिगृहातून कळलं. त्या मंगळवारी रात्री घरी मायनं विचारलं, "आज धपाटे तसेच वापस आनलेस. मंगल न्हाई का आली?" मी म्हणाले, तिला बरं नव्हतं. आप्पा जेवता जेवता म्हणाले, "बारदानं परत आनली का? मोजून घे." मी मोजली. चारही होती.

मध्ये वर्षं गेली. नोकरी, लग्न, मुलं. ते मागच्या प्रकरणांत आलं आहे. गेल्या साली ऑफिसच्या कामाला परळीला गेले होते. स्टेशनच्या रस्त्याला एक खानावळ आहे असं बरोबरचे म्हणाले, तिथे जेवायला बसलो. आतल्या बाजूला एक बाई डाव्या हातानं कांदा कापत होती, इतक्या वेगानं की सुरी दिसत नव्हती. केस पिकले होते. मी मान खाली घातली. वाढायला तीच आली. ताटात भाकरी ठेवली, वांग्याचं कालवण वाढलं, आणि म्हणाली, "यादी आनली न्हाईस का आज?"

"मंगल," मी म्हणाले.

"वळखलं म्हनायचं." ती माझ्याबरोबरच्यांकडे वळली. "बाईंचं अक्षर लई सुरेख होतं बरं का. आमच्या बापाला लई भरवसा हिच्यावर." मग मला, "धपाटं खाती का? हाय शिल्लक. तुझ्या मायसारखं न्हाई जमत, पन हाय."

तिनं ते आणून वाढलं. लसणाची चटणी वरच लावलेली. मी खाल्लं. तिच्या साडीचा पदर खांद्यावरून सरकला तेव्हा मी मानेकडे पाहायचं टाळलं, आणि टाळलं हे तिनं पाहिलं. जेवण उरकल्यावर ती ताट उचलायला वाकली.

"राहिलं का काई?" तिनं विचारलं. खानावळीत सगळ्यांना विचारतात तसंच विचारलं. पण ताट उचललं नाही. थांबली.

"नाही," मी म्हणाले. "पोट भरलं."

"बरं." आणि ताट घेऊन गेली.

तिला सांगायला हवं, ते कळायला मला यादी लागत नाही. मॅडम अजून आहेत, संभाजीनगरला मुलाकडे असतात, पत्ता मी मिळवून ठेवला आहे. त्यांनाही सांगायचं आहे. उस्ताद कुठे आहेत, आहेत की नाहीत, ते शोधलं नाही. परळी इथून दोन तासांवर आहे. सकाळच्या गाडीनं गेलं तर दुपारच्या जेवणाआधी पोचता येतं, तेव्हा तिच्याकडे गर्दी नसते. हे सगळं मी काढून ठेवलं आहे.

वही आता समोर उघडी आहे. पानाच्या मध्यावर अकराची ओळ: बारदान भिजवणे. तिच्यापुढे बरोबरची खूण आहे, ठळक, जराही हात न हललेली. तिच्या खाली घाईत लिहिलेली दुसरी ओळ: एक मंगलपाशी. उस्तादांना सांगणे. तिच्यापुढची जागा कोरी आहे.